कप्तानाचा हुकूम आणि सहकाऱ्याचा शब्द

विमान-अपघाताची वार्ता सामान्य वाचकाच्या लेखी दोन-चार दिवसांचीच असते. पहिल्या दिवशी मृतांची संख्या, दुसऱ्या दिवशी आप्तांचा शोक, तिसऱ्या दिवशी कसूर कोणाचा याविषयीचे तर्क, आणि चौथ्या दिवशी वृत्तपत्राच्या त्या पानावर दुसराच एखादा विषय येऊन बसतो. वैमानिकांच्या जगात मात्र त्या वार्तेचे खरे आयुष्य त्यानंतर सुरू होते. चौकशीचा अहवाल प्रसिद्ध होण्यास वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. पण तो हाती आला, की प्रशिक्षणकेंद्राच्या वर्गात, परगावच्या मुक्कामी जेवणाच्या टेबलाशी आणि सिम्युलेटरच्या बंद खोलीत त्यातील प्रत्येक मिनिटाचा खल होतो. कोणत्या क्षणी कोणी काय पाहिले, काय उच्चारले, आणि विशेषतः काय उच्चारावयाचे राहून गेले, याची चिकित्सा तेथे अशी माणसे करीत असतात, की ज्यांना उद्या त्याच आसनावर बसावयाचे आहे. आणि म्हणूनच त्या चर्चेत निंदेपेक्षा आत्मपरीक्षणाचा भाग मोठा असतो.

या खलातून गेल्या पन्नास वर्षांत जे ज्ञान निष्पन्न झाले, त्यातील सर्वांत मौल्यवान भाग यंत्राविषयीचा नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. कॉकपिटमधील माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे आणि वरिष्ठाने कनिष्ठाचे कसे ऐकावे, याविषयीचा तो आहे.

आणीबाणीच्या प्रसंगी काय करावे याचा क्रम वैमानिकाला पहिल्यापासून पढविलेला असतो: आधी विमान उडते ठेवावयाचे, मग ते योग्य दिशेने न्यावयाचे, आणि त्यानंतरच जमिनीवरील नियंत्रकाशी बोलावयाचे. दोघांपैकी एकाने केवळ विमान चालवावयाचे, दुसऱ्याने चेकलिस्ट मोठ्याने वाचून एकेक कलम उरकावयाचे. आणि बिघडलेले इंजिन बंद करण्यापूर्वी एकाने खटक्यावर हात ठेवून, तो खटका त्याच इंजिनाचा असल्याची ग्वाही दुसऱ्याने देईपर्यंत थांबावयाचे. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ उपचार वाटेल. परंतु ८ जानेवारी १९८९ रोजी ब्रिटिश मिडलंड कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाचे डावे इंजिन बिघडले असता वैमानिकांनी घाईने उजवे बंद केले, आणि इंग्लंडमधील केगवर्थ गावाजवळ, धावपट्टी अगदी नजीक आली असता, ते डावेही निकामी होऊन ४७ माणसे प्राणास मुकली. विशेष हे, की उजव्या इंजिनात बिघाड झाल्याचे कप्तानाने प्रवाशांना सांगितले तेव्हा डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ज्वाळा मागील बाजूच्या कित्येकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या होत्या. तरी ती विसंगती पुढे जाऊन कोणी कळविली नाही. कप्तानाला ठाऊक असेलच, ही समजूत इतकी बळकट असते.

त्याच समजुतीचा अधिक सूक्ष्म प्रकार दहा वर्षे आधी अमेरिकेत दिसून आला होता. २८ डिसेंबर १९७८ च्या सायंकाळी पोर्टलंड येथे उतरू पाहणाऱ्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाची चाके खाली सोडताना मोठा दणका बसला, आणि चाके पक्की झाल्याचा हिरवा दिवा लागला नाही. वस्तुतः चाके जागेवर बसली होती. दिव्याला इशारा देणारा लहानसा स्विच तेवढा दणक्याने मोडला होता. कप्तान अनुभवी होता आणि कर्तव्यदक्षही होता; नेमक्या त्या कर्तव्यदक्षतेपायीच, उतरताना चाके मोडली तर प्रवाशांना झटपट बाहेर कसे काढावे याची तजवीज करण्यात तो गढून गेला, आणि विमान सुमारे तासभर घिरट्या घालीत राहिले. इंधन किती उरले, असे सहवैमानिकाने विचारले. आणखी पंधरा मिनिटे थांबल्यास इंधनाची फारच टंचाई होईल, असे फ्लाइट इंजिनियरने सुचविले. ही वाक्ये ध्वनिमुद्रणात नोंदलेली आहेत. ती खरी होती, वेळेवर उच्चारलेली होती. परंतु साहेबाच्या टेबलावर अदबीने ठेवलेल्या अर्जाप्रमाणे ती तेथेच पडून राहिली. आता उतरलेच पाहिजे, असे निक्षून कोणीही म्हटले नाही. अखेर चारही इंजिने बंद पडली, आणि विमान धावपट्टीपासून सुमारे सहा मैलांवर वस्तीत कोसळले. विमानातील १८९ जणांपैकी १० जण मृत्यू पावले, आणि त्यांत तो फ्लाइट इंजिनियरही होता. टाक्या कोरड्या असल्यामुळे आग भडकली नाही, हे इतरांचे सुदैव. चौकशी मंडळाने कप्तानाला दोष दिलाच. पण इंधनाची चिंता त्याच्या गळी उतरविण्यात सहकारीही अपुरे पडले, असे स्पष्टपणे नमूद केले.

त्याच वर्षाच्या पहिल्या रात्री मुंबईने याहून भीषण प्रसंग पाहिला होता. १ जानेवारी १९७८ रोजी सांताक्रूझहून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोका’ हे बोइंग ७४७ उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरांवर समुद्रात कोसळले, आणि आतील २१३ जणांपैकी एकही वाचला नाही. समुद्रावर काळोख असल्यामुळे क्षितिज दिसत नव्हते. अशा वेळी विमान कोणत्या बाजूस कलले आहे हे दाखविणारे उपकरण हाच वैमानिकाचा आधार. कप्तानापुढील ते उपकरण बिघडून विमान उजवीकडेच कलल्याचे दाखवीत राहिले, आणि तो भासमान कल सुधारण्यासाठी कप्तान विमान डावीकडे लोटीत गेला. तसेच उपकरण सहवैमानिकापुढे होते, तिसरे मधोमध होते, आणि फ्लाइट इंजिनियरने सावध केल्याचे उद्गारही मुद्रित झालेले आहेत. परंतु तिन्ही उपकरणे ताडून पाहून खोटे कोणते ते ठरविण्यास त्यांना अवधी मिळाला तो केवळ काही सेकंदांचा. विमान मर्यादेपलीकडे कलताच दुसऱ्या वैमानिकाने ते मोठ्याने सांगावे, उत्तर न मिळाल्यास पुन्हा सांगावे, आणि तरीही प्रतिसाद नसेल तर नियंत्रण आपल्या हाती घ्यावे, असा जो दंडक आज आहे, त्यात ज्येष्ठतेला स्थान नाही. आणि ते का नाही, याचे उत्तर अशाच काही सेकंदांत आहे.

परंतु केवळ मृतांकडूनच शिकत राहावयाचे, तर किंमत फार पडते. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचे बोइंग ७२७ उतरण्याच्या परवानगीचा चुकीचा अर्थ लावून लवकर खाली आले आणि व्हर्जिनियातील डोंगरावर आदळले; विमानातील सर्व ९२ जण दगावले. चौकशीत असे उघडकीस आले, की अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान तोच गैरसमज होऊन त्याच ठिकाणी थोडक्यात बचावले होते, आणि त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले होते. पण ती माहिती तिच्या दप्तराबाहेर गेली नव्हती. यातूनच १९७६ मध्ये अशी व्यवस्था उभी राहिली, की वैमानिकाने आपल्या हातून घडलेली चूक स्वतः लिहून कळवावी, ती कैफियत दंड करणाऱ्या खात्याकडे न जाता नासासारख्या तटस्थ संस्थेकडे जावी, तिच्यातील नावगाव पुसून टाकून तिचा बोध सर्वांना कळवावा, आणि चूक हेतुपुरस्सर नसेल तर कळविणाऱ्यास दंडातून बहुधा मुभा मिळावी. शिक्षेचे भय असेल तेथे माणूस प्रथम स्वतःचा बचाव करतो आणि सत्य मागे राहते, हा मानवी स्वभाव या योजनेने ओळखला. भारतासह बहुतेक राष्ट्रांनी मान्य केलेल्या शिकागो कराराच्या परिशिष्ट १३ मध्येही, अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा आहे, कोणाच्या माथी दोष मारणे हा नव्हे, असे निःसंदिग्ध शब्दांत म्हटलेले आहे.

पोर्टलंडच्या अपघातानंतर १९७९ मध्ये नासाने या विषयावर एक परिषद भरविली, आणि १९८१ मध्ये युनायटेडनेच आपल्या वैमानिकांसाठी एक नवे शिक्षण सुरू केले. तेच आज ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ म्हणून जगभर सक्तीचे झाले आहे. निर्णय तुमचाच, पण तो घेण्यापूर्वी विचारा, असे त्यात कप्तानाला सांगितले जाई, आणि शंका असेल तर स्पष्ट बोला, असे कनिष्ठाला. हुकूम देण्यात हयात गेलेल्या पुष्कळ जुन्या कप्तानांनी ‘शिष्टाचाराची शाळा’ म्हणून या वर्गांची थट्टा केली.

ती थट्टा थांबली ती १९ जुलै १९८९ या दिवसापासून. डेन्व्हरहून शिकागोकडे जाणारे युनायटेडचेच डीसी-१० विमान ३७,००० फुटांवर असताना त्याच्या शेपटातील इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची तबकडी फुटली. तिच्यात जन्मापासून असलेला सूक्ष्म दोष वर्षानुवर्षे वाढत जाऊन तिला तडा गेला होता आणि तपासण्यांत तो निसटला होता. उडालेल्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणांच्या नळ्या तोडल्या, आणि ज्या द्रवाच्या दाबावर सुकाणू, पंखांवरील पडदे आणि ब्रेक चालतात तो द्रव वाहून गेला. तिन्ही यंत्रणा एकाच वेळी जातील, हे कोणी गृहीतच धरलेले नसल्यामुळे त्यासाठी चेकलिस्टही नव्हती. कप्तान अल हेन्स यांच्यासमोरील सुकाणू हलत होते, परंतु विमान त्याला जुमानीत नव्हते. दोन पंखांखालील दोन इंजिने तेवढी चालू होती. एकाची शक्ती वाढवून दुसऱ्याची कमी केली, की विमान थोडेसे वळे.

त्याच विमानात डेनिस फिच नावाचे, डीसी-१० चेच प्रशिक्षण देणारे वैमानिक प्रवासी म्हणून बसले होते. १९८५ मध्ये जपान एअरलाइन्सचे बोइंग ७४७ असेच हायड्रॉलिक दाब गमावून डोंगरावर आदळले होते आणि ५२० माणसे दगावली होती. त्या अपघाताचा फिच यांनी अभ्यास केला होता, आणि केवळ इंजिनांच्या बळावर विमान वळविता येईल काय, हे सिम्युलेटरमध्ये करूनही पाहिले होते. त्यांनी मदत देऊ केली, आणि हेन्स यांनी, ज्येष्ठतेचा वा नियमाचा कीस न काढता, त्यांना आत बोलावून थ्रॉटल त्यांच्या हाती दिले. दोन आसनांच्या मध्ये जमिनीवर गुडघे टेकून, प्रत्येक हातात एकेक थ्रॉटल धरून हा माणूस विमान चालवू लागला. कप्तान आणि सहवैमानिक विल्यम रेकॉर्ड्स कल व वेग सांगत होते, फ्लाइट इंजिनियर डडली ड्वोरॅक कंपनीच्या तज्ज्ञांशी बोलून उपाय शोधत होते. विमान वरखाली हेलकावत उजवीकडे वळत राही, आणि प्रत्येक हेलकाव्याचा अंदाज आधीच करून फिच यांना हात हलवावा लागे. हवी ती धावपट्टी घ्या, असे नियंत्रकाने कळविले तेव्हा, धावपट्टीच हवी असा तुमचा आग्रह दिसतो, अशा आशयाचा विनोदही हेन्स यांनी केला.

सुमारे पाऊण तासाने आयोवा राज्यातील सू सिटीच्या बंद असलेल्या एका धावपट्टीवर, नेहमीच्या दीडपट वेगाने, विमान टेकले. उजवा पंख आधी घासला, विमान फुटून पेटले आणि मक्याच्या शेतात जाऊन पडले. २९६ पैकी ११२ जणांचा अंत झाला, १८४ वाचले. पुढे तोच बिघाड सिम्युलेटरमध्ये घडवून निष्णात वैमानिकांना विमान उतरविण्यास सांगितले असता त्यांनाही ते सुखरूप साधले नाही. त्या कॉकपिटमध्ये मिळून १०३ वर्षांचा अनुभव होता, पण असे विमान उतरविण्याचा एका मिनिटाचाही सराव नव्हता, तेव्हा मी एकट्यानेच अधिक जाणतो असे का मानावे, असा हेन्स यांचा युक्तिवाद असे. आणि यशाचे श्रेय ते नशीब, संवाद, पूर्वतयारी, कार्यवाही व सहकार्य या पाच गोष्टींना देत.

चर्चेने सर्वच काही सुटते, असे मात्र नाही. या अपघातानंतर डीसी-१० च्या हायड्रॉलिक यंत्रणेत, नळी तुटली तरी सर्व द्रव वाहून जाऊ नये अशी सोय झाली आणि तबकड्यांच्या तपासणीचे नियम कडक झाले. पण त्या विमानात आईबापांच्या मांडीवर बसलेली चार बालके होती. त्या काळच्या नियमानुसार केबिन प्रमुखाने त्यांना पायांशी जमिनीवर ठेवावयास सांगितले, आणि त्यांतील एक दगावले. त्या केबिन प्रमुख बाईंनी बालकांसाठी स्वतंत्र, पट्ट्याचे आसन सक्तीचे व्हावे म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि चौकशी मंडळानेही १९९० मध्ये तशी शिफारस केली. तिकिटाचा भार पडल्यास कुटुंबे विमान सोडून अधिक धोक्याच्या रस्त्याने जातील, असा हिशेब मांडून सरकारी खात्याने ती स्वीकारली नाही. अमेरिकेत आणि आपल्याकडेही दोन वर्षांखालील मूल आजही मांडीवरच बसून प्रवास करू शकते. तो हिशेब अगदीच निराधार नसेल. परंतु विमानात प्रत्यक्ष उभ्या राहणाऱ्या कनिष्ठाचा शब्द ऐकण्याची जी सक्ती आज कप्तानावर आहे, ती त्याच्यावर नियम करणाऱ्या दप्तरांनी स्वतःला अद्याप लावून घेतलेली नाही, आणि पोर्टलंडचा धडा निम्माच शिकला गेला आहे असे त्यामुळे म्हणावे लागते.