राजा-दश्शी कुठे बसून खेळायची?

टेक्सस होल्डेम पोकरमध्ये पहिला निर्णय हातातले दोनच पत्ते पाहून घ्यायचा असतो, आणि बहुतेक डावांत तो ‘फोल्ड’ हाच असायला हवा. नवशिक्याच्या गळी हे उतरत नाही. पत्ते टाकूनच द्यायचे तर टेबलावर बसायचं कशाला? त्यात ऑनलाइन डाव इतके भराभर येतात की बोट ‘कॉल’कडे आपसूक जातं. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. स्क्रीनवरच्या सहाजणी टेबलावर तेवढ्याच वेळात साठ-सत्तरच्या वर होतात, आणि लोक अशी दोन-चार टेबलं एकदम उघडून बसतात.

आधी एक खुलासा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५ च्या कायद्याने बंदी आली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वादही त्या कायद्याने निकालात काढला. तेव्हा पुढचं सगळं इथे फुकटच्या चिप्सवर खेळणाऱ्यांसाठी, किंवा जिथे परवानगी आहे अशा देशांत राहणाऱ्यांसाठी. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनो-बोटींतल्या टेबलांनाही हेच गणित लागू पडतं, फक्त तिथला वेग निम्म्याहून कमी.

नियम थोडक्यात. प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते. मध्ये आधी तीन उघडे (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा एक (रिव्हर). या सातांतले उत्तम पाच धरायचे. फ्लॉपच्या आधी आणि मग प्रत्येक टप्प्यावर, अशा बोलीच्या चार फेऱ्या. समोरच्याइतक्याच चिप्स टाकणं म्हणजे कॉल, वाढवणं म्हणजे रेझ, काही न लावता पाळी पुढे देणं म्हणजे चेक; मध्ये साठलेल्या चिप्स म्हणजे पॉट. पत्ते बघण्याआधीच दोघांना सक्तीने चिप्स टाकाव्या लागतात: स्मॉल ब्लाइंडला अर्धी, बिग ब्लाइंडला एक. यापुढचे सगळे आकडे बिग ब्लाइंडच्या पटीत आहेत. तीन पत्ती खेळणाऱ्यांनी एक गोष्ट विसरायची. तिथे सीक्वेन्स कलरच्या वर असतो, इथे कलर वर. तीन पत्त्यांत सीक्वेन्स दुर्मीळ, पाच पत्त्यांत कलर दुर्मीळ, एवढंच कारण.

दोन पत्त्यांच्या जोड्या होतात १,३२६. पण इस्पिकचा एक्का-बदामचा राजा आणि किलवरचा एक्का-चौकटचा राजा यांची किंमत सुरुवातीला सारखीच, म्हणून असे सारखे हात एकत्र धरले की उरतात १६९ प्रकार: १३ जोड्या, ७८ एकाच रंगाचे, ७८ वेगळ्या रंगांचे. तक्त्यांमध्ये जो १३ गुणिले १३ चा चौकोन दिसतो तो हाच. डेव्हिड स्क्लान्स्की आणि मेसन मालमथ यांनी १९८८ च्या पुस्तकात चांगल्या हातांचे आठ गट पाडले होते. आज संगणक प्रत्येक चौकटीचा वेगळा हिशेब देतो, तरी ‘कुठला हात कुठून खेळायचा’ ही मांडणी तीच आहे.

सगळ्यांना हवे असतात दोन एक्के. ते सरासरी २२१ डावांत एकदा येतात. फक्त त्यांचीच वाट पाहायची म्हटली तर? सहाजणी टेबलावर एका फेरीत दोन ब्लाइंड मिळून दीड चिप जाते. २२१ डाव म्हणजे जवळजवळ सदतीस फेऱ्या, म्हणजे पंचावन्न चिप्स. इतकं गमावून शेवटी एक्के येतात, तुम्ही रेझ करता आणि सगळं टेबल फोल्ड करतं, कारण तीन तास गप्प बसलेल्या माणसाच्या हातात काय आहे हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं असतं. म्हणजे खेळायला तर हवं. काय खेळायचं, हे पत्त्यांइतकंच खुर्ची ठरवते.

मेंढीकोट खेळलेल्याला हे निराळं सांगायला नको. उतारी करणारा अंधारात पान टाकतो. चौथ्या भिडूला आधीची तिन्ही पानं समोर दिसत असतात, आणि दश्शी टाकायची की राखायची हे तो बघून ठरवतो. होल्डेममध्ये हा फायदा डावभर एकाच माणसाकडे राहतो. बटण नावाची गोल चकती ज्याच्यापुढे असते, तो फ्लॉपवर, टर्नवर आणि रिव्हरवर सगळ्यांत शेवटी बोलतो. चकती दर डावाला एक जागा पुढे सरकते, त्यामुळे हे सुख प्रत्येकाच्या वाट्याला येतं. बटणाच्या डावीकडे स्मॉल ब्लाइंड, मग बिग ब्लाइंड. त्यापुढचा ‘अंडर द गन’, म्हणजे पत्ते वाटल्यावर पहिला बोलणारा. मग हायजॅक, मग कटऑफ, आणि पुन्हा बटण.

आता एकच हात घेऊ आणि टेबलाभोवती फिरवू. इस्पिकचा राजा, चौकटची दश्शी. दिसायला छान, म्हणूनच धोक्याचा.

अंडर द गनला हा हात आला तर मागे पाच जण बोलायचे आहेत. राजा-दश्शीला चेपणारे हात मोजून बघू. एक्का-राजा, राजा-राणी, राजा-गुलाम: तुमचा राजा गेल्यावर उरलेल्या तीन राजांतून प्रत्येकी बारा, म्हणजे छत्तीस. एक्का-दश्शीचे बारा. दोन एक्क्यांचे सहा, दोन राजांचे तीन, दोन दश्श्यांचे तीन. एकूण साठ. उरलेल्या पन्नास पत्त्यांतून जोड्या होतात १,२२५. म्हणजे एका माणसाकडे यातलं काही असण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण पाच जणांत निदान एकाकडे असण्याची शक्यता बावीस टक्क्यांवर जाते. बटणावर बसलात आणि बाकीच्यांनी आधीच फोल्ड केलं असेल, तर मागे दोघेच उरतात आणि तीच शक्यता दहा टक्क्यांच्या आत येते. पत्ते बदलले नाहीत, धोका निम्म्याहून कमी झाला.

चेपणे म्हणजे नेमकं काय? समोर एक्का-राजा असेल तर राजा-दश्शी चारांतून साधारण एकदाच जिंकते. त्याहून वाईट म्हणजे, फ्लॉपवर राजा पडला की दोघांनाही आनंद होतो आणि पैसे तुमचे जातात. काहीच न जुळलेला हात स्वस्तात सुटतो. अर्धवट जुळलेला महागात पडतो.

समजा हट्टाने अंडर द गनवरून अडीचचा रेझ केला. बटणाने कॉल केला, ब्लाइंड सुटले. पॉट साडेसहा. फ्लॉप: राजा, अठ्ठी, चव्वी. पहिले बोलायचं तुम्हाला. चिप्स टाकल्या आणि त्याने वाढवलं तर काय समजायचं? चेक केलं आणि त्यानेही चेक केलं तर त्याच्याकडे काही नाही, की तो दबा धरून बसलाय? टर्नवर पुन्हा तोच पेच, रिव्हरवर पुन्हा तोच. तीनही वेळा तुम्ही माहिती देता आणि तो घेतो.

तोच हात बटणावर. सगळ्यांनी फोल्ड केलं, तुम्ही अडीच केलं, बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट साडेपाच. फ्लॉप: राजा, सत्ती, तिर्री. तो चेक करतो. तुम्ही दोनेक चिप्स लावता, तो कॉल करतो. टर्नवर बदामची राणी. तो पुन्हा चेक करतो. इथे तुम्हीही चेक केलंत तर रिव्हर फुकट बघायला मिळतो आणि पॉट फुगत नाही. रिव्हरवरही आधी बोलायचं त्यालाच. दश्शीचा दुबळा किकर (जोडीबरोबरचा दुसरा पत्ता) असलेल्या हाताला असा लहान पॉट हवा असतो, आणि तो लहान ठेवायची चावी शेवटी बोलणाऱ्याच्या हातात असते.

मधल्या दोन खुर्च्यांचं लांबवण्यात अर्थ नाही. हायजॅकला राजा-दश्शी बहुतेक टाकावी. कटऑफला मागची माणसं फार लढणारी नसतील तर रेझ करून आत यावं. सहाजणी टेबलावर अंडर द गनवरून चांगले खेळाडू साधारण सहा हातांतून एक खेळतात. बटणावरून, पुढचे सगळे फोल्ड झाले असतील तर, दोनांतून जवळजवळ एक. ही तफावत पाठ असली की तक्ता अर्धा पाठ झाला. आत येताना नुसता कॉल मात्र नको. अडीचच्या रेझने मधली दीड चिप उचलायची असते, आणि ब्लाइंड दर आठांतून पाच वेळा सुटले तरी तुमचे पत्ते काहीही असोत, हिशेब जुळतो. फुकटच्या चिप्सच्या टेबलावर ही चोरी चालत नाही, कारण तिथे कुणी सुटतच नाही. तिथे हात अधिक निवडून खेळावेत.

‘पण दोन्ही पत्ते एका रंगाचे होते’ ही सबब मी इतक्यांदा ऐकली आहे की तिचा वेगळा हिशेब द्यायला हवा. एका रंगाचे दोन पत्ते घेऊन फ्लॉपवरच कलर पुरा होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी, साधारण ११९ वेळांत एकदा. रंग जुळल्याने हाताचं बळ दोन-चार टक्क्यांनीच वाढतं. खरा लाभ वेगळा: फ्लॉपवर चार पत्ते एका रंगाचे होण्याची, म्हणजे एका पत्त्याची वाट बघण्याची, स्थिती जवळजवळ अकरा टक्के वेळा येते, आणि वाट बघायला शेवटची खुर्ची असेल तर कधीकधी पुढचा पत्ता फुकट मिळतो. म्हणून एकाच रंगाची अठ्ठी-सत्ती बटणावर खेळण्याजोगी आणि अंडर द गनला टाकण्याजोगी. लहान जोड्यांचंही असंच. दोन पंज्यांना फ्लॉपवर तिसरी मिळते ती साडेआठांत एकदा. त्या एका वेळी मोठा पॉट व्हायला हवा, आणि शेवटी बोलणाऱ्याला तो वाढवणं सोपं जातं.

यावर कुणीतरी डॉयल ब्रन्सनचं नाव काढतंच. त्याने १९७६ आणि १९७७ अशी दोन्ही वर्षं वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरचा शेवटचा डाव दश्शी-दुर्रीवर जिंकला, आणि तो हात आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. त्या डावांत समोर एकच माणूस होता. सहा जणांत तो हात टाकूनच द्यायचा.

ब्लाइंडच्या दोन खुर्च्या उरल्या. इथे चांगले खेळाडूही दीर्घकाळात तोट्यातच असतात, प्रश्न फक्त तोटा किती कमी ठेवता येतो याचा. बटणाने अडीच केलं, स्मॉल ब्लाइंड सुटला, आणि तुम्ही बिग ब्लाइंडला राजा-दश्शी घेऊन बसलात. पॉटमध्ये चार आहेत, तुम्हाला आणखी दीडच टाकायचं आहे. साडेपाचमधलं दीड म्हणजे सत्तावीस टक्के जिंकलं तरी भरपाई होते. बटणावरून येणाऱ्या सैल हातांपुढे राजा-दश्शीचं बळ चाळीस टक्क्यांच्या वर असतं. पुढे सतत आधी बोलावं लागणार म्हणून त्यातलं थोडं वाया जाईल, तरीही कॉल बरोबर. हाच रेझ अंडर द गनवरून आला असता तर तेच पत्ते टाकावेत, कारण पहिल्या खुर्चीतून अडीच लावणाऱ्याकडे एक्का-राजा किंवा राजा-राणी असण्याचा संभव कितीतरी जास्त.

स्मॉल ब्लाइंड ही टेबलावरची सगळ्यांत वाईट जागा. फ्लॉपनंतर सगळ्यांत आधी बोलायचं, सवलत कमी, वर बिग ब्लाइंड अजून मागे बसलेला. इथे नुसता कॉल करत राहणं ही गळती आहे. मी म्हणेन, एक तर पुन्हा वाढवावं, नाहीतर सोडावं.

ऑनलाइन खेळताना खुर्च्यांची ही नावं मात्र आंधळेपणाने धरू नयेत. टूर्नामेंटमध्ये उठून गेलेल्या खेळाडूलाही पत्ते वाटले जातात आणि पाळी आली की त्याचे पत्ते आपोआप फोल्ड होतात. असा माणूस बटणावर असेल तर कटऑफच बटण झाला आणि राजा-दश्शी बेलाशक खेळावी. तो बिग ब्लाइंडला असेल तर चोरीच्या वाटेत अडवायला एक माणूस कमी. पुढच्या खेळाडूंच्या ध्यानात ते आलेलं नसेल तर कटऑफला आणि बटणाला एरवी टाकण्याजोगे कितीतरी हात रेझ करण्याजोगे होतात, तो परत येऊन बसेपर्यंत.