नामदेव, मार्टिन आणि आपलं हजेरीपत्रक



दहिवलीच्या आमच्या वर्गात हजेरी घेताना 'नामदेव' म्हटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. "सर, किती जुनं नाव!" आजोबांचं नाव मिळालेला तो मुलगा मान खाली घालायचा. म्हणून एक तास या नावालाच दिला.

संत नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५०. हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे त्यांचं जन्मगाव मानतात, म्हणून लोक त्या गावाला 'नर्सी नामदेव' म्हणतात. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात 'नामदेव पायरी' आहे. पंजाबातलं घुमान गावही त्यांच्या नावानं ओळखलं जातं. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानलाच भरलं होतं.

आता माणसं पाहू. शिपाई नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये इटलीतल्या लढाईत जखमी साथीदारांना गोळीबारातून उचलून आणलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव ढसाळ मोठे कवी झाले, दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. मुंबईत वांद्र्याला सेंट मार्टिन्स रोड आहे. हे मार्टिन चौथ्या शतकात फ्रान्समधल्या टूर शहराचे बिशप होते. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यांनी आपला अर्धा झगा कापून दिला, अशी कथा सांगतात. फ्रान्समध्ये त्यांच्या नावाची दोनशेहून जास्त गावं आहेत. ११ नोव्हेंबर हा त्यांचा सण. १४८३ साली जर्मनीत त्याच दिवशी एका बाळाचा बाप्तिस्मा झाला, म्हणून त्याचं नाव ठेवलं मार्टिन. तेच पुढे धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर झाले. १९३४ साली अमेरिकेतले एक पाद्री जर्मनीला जाऊन आले. परतल्यावर त्यांनी स्वतःचं आणि मुलाचं 'मायकल' हे नाव बदलून 'मार्टिन ल्यूथर' केलं. तो मुलगा म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग.

म्हणजे नाव जुनं झालं, तरी त्याचा प्रवास थांबत नाही.

उपक्रम : "माझं नाव कोणी ठेवलं? का ठेवलं? या नावाचं गाव, रस्ता किंवा मोठं माणूस कोण?" मुलांनी घरी विचारून पाच ओळी लिहाव्यात. पालकांनी "असंच ठेवलं" म्हणून विषय टाळू नये, आजी-आजोबांना बोलू द्यावं.

आमच्या नामदेवनं दोन पानं लिहून आणली. हल्ली त्याचं 'हजर सर' शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं.