हिवाळ्याने नेलेली वाळू

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी, सी ब्राइट नावाचं छोटं गाव आहे. पूर्वेला अटलांटिक, पश्चिमेला श्रूजबरी नदी आणि मधे वाळूची अरुंद पट्टी. गाव, रस्ता, दगडी धक्का आणि धक्क्यापलीकडचे खासगी बीच क्लब, सगळं त्या पट्टीवरच. राज्यातल्याच एडिसन-इझेलिनहून उन्हाळ्यातल्या रविवारी गावाच्या उत्तरेच्या सँडी हूक या वाळूच्या भूशिराकडे निघालेल्या मराठी कुटुंबांच्या गाड्या या गावाच्या वेशीवरूनच आत वळतात. सँडी हूकची पुळण सगळ्यांची. क्लबांत मात्र सभासद पूर्ण सीझनचे पैसे भरून येतात. त्यांना कपडे बदलायला खोली, सामान ठेवायला लॉकर, पोहायला तलाव, बसायला खुर्ची आणि समुद्रावर नजर ठेवायला जीवरक्षक मिळतो.

या क्लबांचा सीझन शंभरेक दिवसांचा. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो, त्या वीकएंडला दारं उघडतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, सीझन संपतो. उघडण्याआधी रंगरंगोटी, सुतारकाम, नळ, वीज हे सगळं करावं लागतं, पण मार्चमध्ये पहिला प्रश्न पडतो तो वेगळाच: हिवाळ्याने वाळू किती नेली?

किनारा हिवाळ्यात खरोखरच जागचा हलतो. थंडीत अटलांटिकवर ईशान्येकडून वादळं येतात. त्यांच्या लाटा उंच, आखूड आणि एकामागोमाग येणाऱ्या. एका लाटेचं पाणी परतायच्या आत दुसरी चढते, पाण्याचा फुगवटा किनाऱ्यावर साचतो आणि तळाशी जोर धरून माघारी वाहतो. जाताना वाळू घेऊन जातो. ती वाळू फार लांब जात नाही. थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा तयार होतो. आता येणाऱ्या मोठ्या लाटा या दांड्यावरच फुटायला लागतात आणि किनाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत त्यांचा जोर ओसरलेला असतो. किनाऱ्याने स्वतःचीच वाळू पुढे पाठवून स्वतःसाठी बांध घातलेला असतो! कोणी योजना आखलेली नाही, कोणी हुकूम दिलेला नाही. मला हे कितीही वेळा वाचलं तरी नवल वाटतं.

वसंतात वादळं विरतात आणि दूरच्या समुद्रातून लांब, संथ लाटा येऊ लागतात. तीच वाळू आता माघारी फिरते. कशी, ते समजून घेण्यासारखं आहे. उथळ पाण्यात अशा लाटेच्या माथ्याखाली पाणी किनाऱ्याकडे झपकन येतं. दोन माथ्यांमधल्या खळग्याखाली ते समुद्राकडे परततं, पण सावकाश आणि जास्त वेळ घेऊन. जितकं आलं, जवळजवळ तितकंच गेलं. मग वाळू एकाच दिशेला का सरकावी? कारण वाळूचं वाहणं वेगाच्या सरळ पटीत वाढत नाही. ढोबळ मानाने वेग दुप्पट झाला तर वाहणारी वाळू आठपट होते. झपकन येणारं पाणी कण उचलून पुढे टाकतं आणि सावकाश जाणाऱ्या पाण्याला त्यातले बरेचसे उचलताच येत नाहीत. लाटेमागून लाट, आठवड्यामागून आठवडा, पाण्याखालचा दांडा असा किनाऱ्याकडे सरकतो आणि शेवटी त्याला येऊन चिकटतो.

म्हणून मार्चमध्ये डेकसमोर पुरुषभर उंचीचा वाळूचा कडा उभा दिसला तरी जाणता व्यवस्थापक लगेच बुलडोझर बोलावत नाही. त्यातली बरीच वाळू जूनपर्यंत आपल्या पायांनी परत येणार असते. तो डेकवरून खाली उतरणारा जिना मात्र आताच पक्का ठोकून टाकत नाही, कारण यंदा पायऱ्या किती लागतील ते समुद्र अजून ठरवतो आहे.

हाच नियम कोकणात आणि गोव्यात चालतो, फक्त पंचांग उलटं. आपला समुद्र वाळू खातो तो पावसाळ्यात आणि परत करतो तो दिवाळीपासून पुढे. गोव्यातल्या शॅकवाल्यांना मेअखेर आपला मांडव मोडून न्यावा लागतो. बांबू उतरवायची ही घाई नेमकी त्याच दिवसांत चालू असते, ज्या दिवसांत सी ब्राइटचे क्लब खुर्च्या मांडत असतात.

पण वाळू नुसती आत-बाहेर करत नाही, ती किनाऱ्याच्या कडेकडेने चालतेही. लाटा तिरप्या येतात, पाणी तिरपं चढतं आणि सरळ उतरतं, त्यामुळे प्रत्येक कण दर लाटेला थोडा बाजूला सरकतो. न्यू जर्सीच्या या भागात ही चाल उत्तरेकडे आहे. तिचा पुरावा सँडी हूकवर उभा आहे. तिथलं दीपगृह 1764 साली बांधलं तेव्हा भूमीच्या टोकापासून सुमारे 500 फुटांवर होतं. आज ते टोकापासून जवळजवळ दीड मैल आत आहे. दीपगृह हललेलं नाही. त्याच्यापुढे सव्वादोन किलोमीटरच्या आसपास नवी जमीन आली आणि ती दक्षिणेकडच्या किनाऱ्यांच्या वाळूची बनलेली आहे. म्हणजे सी ब्राइटमधून गेलेला प्रत्येक कण परत येतोच असं नाही.

त्यात माणसानेही भर घातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथली रेल्वे वाचवण्यासाठी दगडी धक्का उभारायला सुरुवात झाली. धक्क्याने मागची जमीन राखली, पण त्याच्यापुढची पुळण झिजत गेली आणि कित्येक ठिकाणी भरतीचं पाणी थेट दगडांवर आपटू लागलं. किनारा नसलेला बीच क्लब ही काय अवस्था असेल! 1994 मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाने सी ब्राइटपासून मनास्क्वॉनच्या खाडीमुखापर्यंत, 21 मैलांच्या किनाऱ्यावर, समुद्रतळातून उपसलेली वाळू भरायला घेतली. जहाज तळाची वाळू पाण्यासकट ओढून घेतं, ती पाइपातून किनाऱ्यावर ओतली जाते, पाणी समुद्रात परत जातं, वाळू राहते. अशी वाळू मूळच्या वाळूइतकीच जाड असावी लागते, बारीक असली तर पहिल्याच वादळात निघून जाते. आणि तळातून काय वर येईल याचा नेम नसतो. याच राज्यात सर्फ सिटी इथे 2007 मध्ये भरलेल्या वाळूत पहिल्या महायुद्धाच्या काळातला, समुद्रात टाकून दिलेला दारूगोळा सापडला आणि किनारा बंद करून तो चाळावा लागला.

29 ऑक्टोबर 2012 रोजी सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा सी ब्राइटच्या पट्टीवरून समुद्र आरपार गेला. क्लबांच्या इमारती मोडल्या आणि पुळणीची वाळू रस्त्यांवर येऊन बसली. ती गोळा करून, तिच्यातला कचरा चाळून काढून, परत किनाऱ्यावर न्यावी लागली.

तेव्हा सीझनआधीची खरी डागडुजी म्हणजे आलेली वाळू धरून ठेवणं. त्यासाठी जे साधन वापरतात ते पाहिलं की आधी विश्वास बसत नाही: तारेने गुंफलेल्या लाकडी पट्ट्यांचं, चारेक फूट उंचीचं, मोडकळीला आल्यासारखं दिसणारं कुंपण. पट्ट्यांमध्ये साधारण निम्मी जागा मोकळी असते, आणि सगळी करामत त्या मोकळ्या जागेत आहे. भरीव भिंत घातली तर वारा तिच्या पायाशी भोवरे करतो आणि उलट वाळू उकरून काढतो. निम्मं उघडं कुंपण वाऱ्याला अडवत नाही, फक्त मंद करतं. इथे पुन्हा मघाचं गणित येतं. राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लीबियाच्या वाळवंटात हिंडून आणि प्रयोगशाळेत वाऱ्याच्या बोगद्यात वाळू उडवून हे गणित मांडलं. त्याचं पुस्तक 1941 मध्ये आलं. वारा किती वाळू वाहून नेईल हे त्याच्या वेगाच्या घनावर अवलंबून असतं. वेग निम्मा झाला की वाहण्याची ताकद एक अष्टमांश उरते, बाकीची वाळू तिथेच खाली पडते. फळकुटांच्या जोरावर वाऱ्याला आपलं ओझं उतरवायला लावायचं आणि टेकडी त्यालाच रचू द्यायची, एवढंच माणसाचं काम.

मग त्या टेकडीवर गवत लावतात. अमेरिकन बीचग्रास थंडीत निद्रिस्त असतं, तेव्हा म्हणजे एप्रिलच्या मध्याआधी, त्याच्या काड्या हातभर अंतरावर वीतभर खोल रोवतात. आपल्या पुळणींवर जे काम मर्यादवेल करते ते इथे हे गवत करतं. वाळूखाली गाडलं जाणं त्याला आवडतं. अंगावर वाळू चढली की ते नवी मुळं सोडून वर येतं आणि जोमाने वाढतं. जिथे वाळू चढायची थांबते तिथे ते खुरटत जातं.

इमारतींचं काम याच्या मानाने सरळ, पण तिथेही मिठाने डाव मांडलेला असतो. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं. म्हणजे पाऊस पडो न पडो, बिजागरीवर, खिळ्यावर, दिव्याच्या खोबणीत बसलेलं मीठ लोखंडाला ओलंच ठेवतं. म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधी गोड्या पाण्याने सगळं धुऊन काढतात आणि गंजलेल्याच्या जागी जस्ताचा जाड मुलामा दिलेले खिळे वापरतात.

तलावाची गोष्ट जास्त रंजक आहे. हिवाळ्यात गोठणारं पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि नळ फोडतं, म्हणून शरद ऋतूत पाइपांतलं पाणी हवेच्या दाबाने फुंकून काढून तोंडं बंद केलेली असतात. मात्र तलाव रिकामा ठेवत नाहीत. समुद्र आणि नदी यांच्यामधल्या या पट्टीत थोडं खणलं की पाणी लागतं. भरलेला तलाव आपल्या वजनाने जमिनीत बसून राहतो, रिकाम्या तलावाला मात्र भूजल खालून वर रेटतं. जमिनीत पुरलेली ती चक्क एक होडी असते आणि पाणी पुरेसं चढलं तर काँक्रीटचा अख्खा तलाव वर उचलला जाऊन तडकतो. फरशी बदलायची म्हणून तलाव उपसायचाच झाला तर आधी भोवतालच्या भूजलाची पातळी बघतात आणि तळाशी दाब सोडणारी झडप चालते ना, याची खात्री करतात.

मार्चच्या मध्यापासून क्लबाच्या वाळूवर आणखी एक हक्कदार येऊ शकतो. पायपिंग प्लोव्हर हा आपल्याकडच्या चिखल्यांचा भाऊबंद, वजन पन्नास-साठ ग्रॅम, रंग कोरड्या वाळूचा. घरटं म्हणजे वाळूत पोटाने केलेली बशीएवढी खळगी, तिच्यात बहुधा चार ठिपकेदार अंडी. दोन पावलांवरूनही ती शिंपल्यांच्या चुऱ्यात दिसत नाहीत. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांत पळायला लागतात, कारण त्यांना आपलं खाणं आपणच शोधायचं असतं. ते खाणं मिळतं भरतीने आणून टाकलेल्या शेवाळाच्या ओळीत, तिथल्या किड्यांत आणि उड्या मारणाऱ्या वाळूपिसवांत. सभासदांना ही ओळ घाण वाटते आणि क्लबाचा ट्रॅक्टर ती दाताळ्याने ओढून नेतो. अटलांटिक किनाऱ्यावरच्या या पक्ष्याला 1986 पासून संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे. घरटं दिसलं की त्याभोवती खांब आणि दोरी लागते आणि तिथे ट्रॅक्टरचं काम थांबतं.

माणसांचा हक्क तर त्याहून जुना. समुद्र आणि त्याचा किनारा सर्वांचा, हे सहाव्या शतकातल्या जस्टिनियनच्या रोमन कायद्यात लिहिलेलं आहे. न्यू जर्सीच्या न्यायालयाने 1821 मध्ये राज्यातल्या भरतीच्या पाण्याखालच्या जमिनीला हेच तत्त्व लावलं. तो वाद होता रॅरिटन नदीतल्या कालवांचा. 2005 मध्ये याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने केप मे काउंटीतल्या एका खासगी बीच क्लबाला सांगितलं की भरतीच्या रेषेच्या वरची, त्यांच्या मालकीची कोरडी वाळूही लोकांना वापरू द्यावी लागेल. त्यांनी फक्त सेवांचं वाजवी शुल्क घ्यावं. मला हा निकाल फार योग्य वाटतो. जी वाळू दर वर्षी समुद्रात जाऊन येते, उत्तरेकडे चालत जाते आणि सरकारी पैशाने परत भरली जाते, तिच्याभोवती मालकीचं कुंपण घालायचं तरी कुठे?

आणि एक झाड राहिलं. सीबीच अमरँथ हे आपल्या राजगिऱ्याच्या आणि माठाच्या कुळातलं रोप: तांबूस मांसल देठ, टोकाला खाच असलेली नखाएवढी गोल पानं, वाळूला चिकटून पसरणारा आकार. न्यू जर्सीत ते 1913 नंतर कोणाला दिसलं नव्हतं. 2000 साली ते पुन्हा उगवलेलं सापडलं, तेही नव्याने वाळू भरलेल्या मॉनमथ काउंटीच्या किनाऱ्यावर, ज्या काउंटीत सी ब्राइट येतं. उपसलेल्या वाळूतच त्याचं बी पडून होतं, असा एक तर्क आहे. भरतीरेषा आणि टेकडी यांच्यामधली उघडी वाळू त्याला लागते. टेकडी धरणारं दाट गवत त्याला जगू देत नाही, वाळूची कुंपणं त्याची जागा खातात आणि दाताळं ते मुळासकट उपटतं. त्यामुळे ते जगायचं तर क्लबाला टेकडीच्या पायथ्याशी एक पट्टा काहीच न करता सोडावा लागतो: कुंपण नाही, गवत नाही, ट्रॅक्टर नाही. रोप एका वर्षाचंच असतं आणि त्याचं बी वाऱ्यावर, पाण्यावर दूर जातं, म्हणून यंदा जिथे दोरी बांधली तिथेच ते पुढच्या वर्षी असेल असं नाही. दर वर्षी ते नव्याने शोधावं लागतं.