हिवाळ्यातल्या नितळ पाण्यातला वॉलाय

अमेरिकेत मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांच्या सीमेवरून मिसिसिपी वाहते. रेड विंग गावाच्या वरच्या अंगाला तिच्यावर ३ क्रमांकाचं धरण आहे. आसपासची तळी गोठली तरी धरणाखालचा प्रवाह बराच काळ उघडा राहतो. वसंतातल्या विणीच्या ओढीनं वॉलाय मासा थंडीतच इकडे सरकू लागतो, आणि त्याच्यामागे गळवाल्यांच्या होड्या येतात.

हे गळवाले बहुधा जिग वापरतात. जिग म्हणजे डोक्याला शिशाचा गोळा बसवलेला गळ. त्याला छोटा मासा नाहीतर मऊ प्लास्टिकची शेपटी लावतात. पाणी संथ असलं की ३.५ ते ७ ग्रॅमचा जिग पुरतो. नितळ पाण्यात दोराही बारीक हवा. खरी कसोटी संयमाची. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे गारठ्यात त्याचं पचन आणि हालचाल मंदावते; तो भक्ष्यामागे फारसा धावत नाही. म्हणून जिग तळापासून चार बोटं उचलायचा, थांबायचं, सावकाश खाली सोडायचा. जोराचा झटका क्वचितच बसतो. बहुतेकदा दोरा नुसता जडावतो.

वॉलायच्या डोळ्यांत मांजरासारखा प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे त्याला मंद उजेडात चांगलं दिसतं; भर उन्हात हा मासा डोहात दबून राहतो, तिन्हीसांजेला उथळ कडेला येतो.

मासा सोडूनच द्यायचा असेल तर फार खोल डोहात गळ टाकू नये, असं मला कळकळीनं वाटतं. वर ओढताना पाण्याचा दाब झपाट्यानं उतरतो, माशाची हवेची पिशवी फुगते आणि परत सोडलेला मासाही अनेकदा जगत नाही.