बांधावरचा हिवर कुंडीत

बसवकल्याणहून भालकीकडे निघा नाहीतर उमरग्याकडे, बांधावर काट्यांची झाडं दिसतातच. आपण सगळ्यांनाच सरसकट बाभूळ म्हणून मोकळे होतो. वास्तविक त्यांत किमान चार निरनिराळी झाडं असतात, आणि बोन्साय करायचं मनात असेल तर ती आधी नीट ओळखता आली पाहिजेत. कुंडीत प्रत्येकाचं वागणं वेगळं असतं.

खरी बाभूळ सालीवरून कळते: काळपट, खोल भेगांची. काटे जोडीजोडीनं येतात, सरळ आणि पांढुरके. फुलं सोनपिवळ्या गोंड्यांची. शेंग हातात घेतली की शंकाच उरत नाही. राखाडी, मऊ लव असलेली, आणि दर दोन बियांमध्ये आवळलेली. हिवराची साल याउलट फिकट, पिवळसर पांढरी. फुलं पावसाळ्यात फांद्यांच्या टोकांना मोठ्या झुबक्यांनी येतात, तीही दुधी रंगाची. शेंग चपटी आणि किंचित वाकडी. आपल्या भागातली कन्नड माणसं एकीला करी जाली म्हणतात, दुसऱ्याला बिळी जाली. काळी आणि पांढरी, सालीवरूनच.

वेडी बाभूळ बाभळीच्या कुळाजवळची असली तरी बाभूळ नव्हे. ती अमेरिका खंडातून आली. तिची फुलं गोंड्यात न येता लांबट तुऱ्यात येतात, शेंगा पिवळट आणि गोडसर. चौथी ऑस्ट्रेलियन बाभूळ, वनखात्याच्या लागवडीत हमखास दिसणारी. तिला काटे नाहीत. विळ्यासारखं लांबट जे पान दिसतं ते खरं पान नसून चपटा झालेला देठ आहे. बी रुजवून पाहा: पहिली एकदोन पानं अगदी बाभळीसारखी बारीक दलांची येतात, मग देठ रुंदावत जातो आणि दलं नाहीशी होतात. हे प्रत्येक शाळेत मुलांना दाखवावं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2011मध्ये मेलबर्नच्या परिषदेत ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियन मंडळींकडेच ठेवलं. आपली बाभूळ आणि हिवर आता ‘व्हॅचेलिया’त गेले.

बोन्सायसाठी माझा कौल हिवराला. मोठा हिवर माळावर आडवा पसरतो, माथा छत्रीसारखा सपाट, खाली वळणाचं खोड. दक्षिण आफ्रिकेतल्या बोन्साय करणाऱ्यांनी तिथल्या अशाच सपाट माथ्याच्या झाडांवरून स्वतःची शैली बसवली आणि पिअरनीफ या चित्रकाराचं नाव तिला दिलं. आपण मात्र अजून जपानी पाइनच्या चित्रावरून हिवर कापत बसतो. नमुना बांधावर उभा असताना पुस्तकात कशाला शोधायचा?

एप्रिल-मेमध्ये शेंगा वाळतात तेव्हा बी गोळा करा. कवच फार टणक असतं. उकळून उतरवलेल्या पाण्यात बी टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी फुगलेलं तेवढं पेरा. शेळ्यांच्या वाड्यातल्या लेंड्यांतलं बीही चांगलं उगवतं, कारण पोटातून जाताना कवच नरमतं. रोप जमिनीवर वीतभर दिसतं तेव्हा सोटमूळ खाली कितीतरी पुढे गेलेलं असतं. पहिल्या वर्षीच ते कापा, नाहीतर उथळ कुंडीत झाड कधीच बसणार नाही. मात्र मुळावरच्या बारीक गाठी धुऊन टाकू नका. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात, म्हणून कुंडी बदलताना थोडी जुनी माती ठेवावी आणि युरियाचा मोह टाळावा.

काळी माती कुंडीत नको. ती पाणी धरून बसते, वाळली की तडकून मुळं तोडते. बीदरच्या पठाराचा तांबडा मुरूम चाळून घ्या, बारीक धूळ फेकून द्या, उरलेल्या खड्यांत थोडं शेणखत मिसळा. ऊन पूर्ण हवं. घरात ठेवलेला हिवर जगत नाही. तार फक्त कोवळ्या फांदीला गुंडाळावी. लाकूड पक्कं झालं की ते वाकत नाही, तुटतं. याच लाकडाचे आपल्याकडे नांगर आणि गाडीची चाकं होत आली आहेत.

जुन्या जाड खोडाची घाई असेल तर वेडी बाभूळ खणून आणा. ती तोडली तरी फुटते, आणि बांधावरून गेली तर शेतकरी आभारच मानेल. हिवर आणि बाभूळ मात्र आहेत तिथेच राहू द्या. त्यांचं बी फुकट मिळतं. मृगाच्या आधी पेरा.