सायकलवरचा नकाशा रात्रभर जागा ठेवायचा तर

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचे शब्दांकन)

आपल्यातल्या बऱ्याच जणी सकाळच्या वीस-पंचवीस किलोमीटरवरून हळूहळू शंभरावर गेल्या. काही जणी आता बीआरएमही करू लागल्या आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बीआरएम म्हणजे पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी होणाऱ्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नसतो, ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण करायचं एवढंच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास.

हे तासांचे आकडे लक्षात ठेवा, कारण आज आपण बोलणार आहोत ते हँडलवरच्या छोट्या यंत्राबद्दल. त्याला कोणी सायकल कॉम्प्युटर म्हणतं, कोणी नुसतंच जीपीएस. रस्ता दाखवणं, वेग आणि अंतर सांगणं, सगळ्या राइडची नोंद ठेवणं ही त्याची कामं. त्याची बॅटरी मात्र फोनच्या मानाने बरीच लहान असते. रात्री एक वाजता, अनोळखी फाट्यावर, डावीकडे की उजवीकडे हे कळायला हवं तेव्हाच ते बंद पडलं, तर मग फोन बाहेर काढावा लागतो. फोनवर नकाशा लावला की फोनही उतरायला लागतो. आणि अडचणीत मदत मागायची ती त्याच फोनवरून. म्हणून ही बॅटरी वाचवणं ही हौशीची गोष्ट नाही, आपल्या सुरक्षिततेची आहे.

आधी हे बघू, की चार्ज जातो कुठे? घरखर्चात बचत करायची तर आपण आधी मोठे खर्च बघतो. इथेही तसंच आहे. मोठे खर्च तीन: पडद्याचा उजेड, उपग्रहांचं गणित आणि फोनशी चाललेलं बोलणं.

पहिला पडद्याचा उजेड, म्हणजे बॅकलाइट. बहुतेक यंत्रांत सगळ्यात मोठा खर्च हाच. गंमत म्हणजे दिवसा त्याची फारशी गरजच नसते. बऱ्याच सायकल कॉम्प्युटरचे पडदे उन्हात जास्त स्पष्ट दिसतील असेच बनवलेले असतात. फोनचा पडदा उन्हात काळा दिसतो, तसं यांचं होत नाही. तेव्हा दिवसा बॅकलाइट बंद किंवा अगदी कमी ठेवा. रात्री तो कायम चालू न ठेवता पंधरा सेकंदांनी आपोआप विझेल असं सेटिंग करा. बटण दाबलं की तो पुन्हा लागतो, आणि वळण जवळ आलं की बरीच यंत्रं स्वतःच पडदा उजळतात. रात्री ब्राइटनेसही वीस-तीस टक्के पुरतो. अंधारात त्याहून जास्त उजेड डोळ्यांवर येतो आणि पुढचा खड्डा दिसत नाही, तो तोटा वेगळाच.

दुसरा खर्च उपग्रहांचा. इथे एक गैरसमज दूर करू. आपलं यंत्र उपग्रहाला काही पाठवत नाही, ते फक्त ऐकतं. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. किमान चार उपग्रहांचं ऐकू आलं, की यंत्र आपली जागा काढतं. तिथून येणारा संदेश फार क्षीण असतो. तो पकडणं आणि दर सेकंदाला हिशेब करणं यात बॅटरी जाते. अमेरिकेच्या जीपीएसशिवाय रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बैदू अशा इतर यंत्रणाही आहेत. जितक्या यंत्रणा एकदम ऐकायच्या, तितका खर्च वाढतो. नव्या यंत्रांत 'मल्टी-बँड' नावाचा पर्याय असतो. त्यात एकाच उपग्रहाचे दोन वेगळे संदेश ऐकले जातात. अचूकता वाढते आणि खर्चही. उंच इमारतींच्या गल्लीत, दाट झाडीत, घाटाच्या कड्याखाली याचा उपयोग होतो. पण मोकळ्या हायवेवर वर सगळं आकाश उघडं असतं, तिथे साधं जीपीएस पुरतं.

निघतानाची एक सवय लावून घ्या. यंत्र इमारतीखाली किंवा पार्किंगमध्ये सुरू करून तसंच निघू नका. मोकळ्या जागी सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. प्रत्येक उपग्रहाकडून त्याची नेमकी जागा कळायला साधारण अर्धा मिनिट सलग ऐकावं लागतं. मध्ये इमारत आली की पुन्हा सुरुवात. तेवढ्यात हवा बघा, बाटल्या बघा, दिवे बघा.

तिसरा खर्च फोनशी बोलण्याचा. यंत्र ब्लूटूथने फोनला जोडलेलं असलं की फोनवरचा प्रत्येक मेसेज हँडलवर दिसतो, आणि दर वेळी पडदा उजळतो. सोसायटीच्या ग्रुपवरचे शुभ सकाळचे चाळीस मेसेज म्हणजे चाळीस वेळा दिवा लावणं. मेसेजच्या सूचना बंद करा. छातीच्या पट्ट्याचा किंवा चाकाचा सेन्सर मात्र काढायची गरज नाही, त्यांचा खर्च अगदी थोडा असतो. चाकाचा सेन्सर तर उपयोगाचाच आहे. बोगद्यात उपग्रह ऐकू येत नाहीत, तेव्हा अंतर मोजणं तो चालू ठेवतो.

आता लाइव्ह ट्रॅकिंगचा प्रश्न. घरी सासूबाई, नवरा, मुलं मोबाइलवर आपला ठिपका बघत बसलेली असतात. त्यांची काळजी खरी आहे. पण या सोयीत यंत्रापेक्षाही जास्त बॅटरी फोनची जाते, कारण फोन सतत इंटरनेटवर जागा पाठवत असतो. घाटात रेंज कमी झाली की टॉवर शोधण्यात तो आणखी उतरतो. म्हणून निघण्याआधीच घरी बोलून ठेवा. एक तर रात्रीचेच तास ट्रॅकिंग चालू ठेवायचं, किंवा प्रत्येक कंट्रोलवर, म्हणजे जिथे कार्डावर शिक्का घेतो तिथे, 'पोचले, निघाले' असा मेसेज टाकायचा. आणि हेही सांगून ठेवा की ठिपका थांबला म्हणजे माणूस थांबलं असं नाही. रेंज नसली तरी ठिपका थांबतो. पुढच्या कंट्रोलची अंदाजे वेळ आणि सोबत असलेल्या एखाद्या मैत्रिणीचा नंबर घरी लिहून द्या. वेळ टळून तासभर झाला तर तिला फोन करायचा. एवढं ठरलं की दोन्हीकडे जीव शांत राहतो.

आता हिशेबाकडे येऊ. खोक्यावरचा तासांचा आकडा म्हणजे कंपनीचा अंदाज. उदाहरणार्थ, गार्मिनच्या एज ५३० ला कंपनी २० तास सांगते, आणि बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये ४० तास. आता मघाचे आकडे आठवा. ३०० च्या राइडला २० तास मिळतात. म्हणजे यंत्र अगदी नवं असलं तरी काठावर. ४०० ला तर २७ तास. शिवाय बॅटरी जुनी होत जाते तसे हे तास कमी होतात. म्हणून आपला आकडा आपणच काढायचा.

तो असा काढा. पूर्ण चार्ज करून, नेहमीच्या सेटिंगवर, रूट लावून चार तासांची राइड करा. शंभरावरून ऐंशीवर आलं, तर वीस भागिले चार, तासाला पाच टक्के. हे झालं दिवसाचं. मग एकदा पहाटेच्या अंधारात दोन तास करा. समजा सोळा टक्के गेले, तर रात्रीचे तासाला आठ. आता ३०० ची राइड सकाळी सहाला सुरू होते असं धरू. दिवसाचे १२ तास, पाच टक्क्यांनी साठ. रात्रीचे ८ तास, आठ टक्क्यांनी चौसष्ट. एकूण १२४ टक्के. हाताशी राखीव वीस टक्के हवेतच, म्हणजे १४४. आपल्याकडे आहेत शंभर. चव्वेचाळीस टक्के वाटेत भरावे लागणार. आता रात्रीचा बॅकलाइट कमी करून तासाला आठचे सहा टक्के केले, तर सोळा टक्के तिथेच वाचले. उरले अठ्ठावीस. ते एखाद्या जेवणाच्या थांब्यात भरून निघू शकतात.

वाटेत भरायचं म्हणजे पॉवर बँक आली. तिच्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं. तो आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टचा असतो. बाहेर ५ व्होल्टने वीज देताना आणि वाटेतली गळती धरता, हातात साधारण सहा-साडेसहा हजारच येतात. तरीही सायकल कॉम्प्युटर आणि थोडासा फोन एवढं त्यात भागतं.

तीन गोष्टी मात्र घरीच तपासा. एक, चालू राइडमध्ये वायर लावली तर काय होतं? काही जुनी यंत्रं वायर लागताच कॉम्प्युटरला जोडल्यासारखी वागतात आणि नोंद थांबवतात. दोन, अर्ध्या तासात किती टक्के चढतात? तीन, पॉवर बँक आपोआप बंद होते का? छोट्या यंत्राची ओढ कमी असते, त्यामुळे काही पॉवर बँकांना वाटतं की काही जोडलेलंच नाही, आणि त्या झोपी जातात. पहिल्या दोन मिनिटांनी टक्का वाढतोय ना, ते बघूनच चहा प्यायला बसा.

दहा टक्के होईपर्यंत वाट बघू नका. चाळिसाच्या आसपास असताना, उजेड असताना, ढाब्यावर बसलेलं असताना भरा. रात्री पावसात चार्जिंगचं झाकण उघडायची वेळ येऊ नये. तिथे पाणी गेलं तर बॅटरी असूनही यंत्र जाईल. केबल दोन ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. रात्रीची कडाक्याची थंडी असेल तर पॉवर बँक जर्सीच्या मागच्या खिशात अंगाशी ठेवा, कारण थंडीत बॅटरी लवकर दमते. आणि उन्हात तापलेलं यंत्र लगेच चार्जला लावू नका. आधी सावलीत निवू द्या.

रूटबद्दलही थोडं. चुकलं की नवा रस्ता शोधायचं आपोआप चालणारं काम बंद ठेवलेलं बरं. त्यात बॅटरी जाते, आणि बीआरएममध्ये नवा जवळचा रस्ता चालतही नाही. चुकल्या जागी परतच यावं लागतं. लांब सरळ पट्ट्यात नकाशाऐवजी नुसत्या आकड्यांचं पान ठेवा. बॅटरी वाचवण्याचा मोड असेल तर तो अशाच वेळी वापरा. त्यात पडदा बंद राहतो आणि नोंद थोडी विरळ होते. अंतरात किरकोळ फरक पडू शकतो, पण यंत्र जागं राहतं.

ज्यांच्याकडे असं यंत्र नाही, फोनच हँडलवर लावतात, त्यांनी त्या भागाचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. फोनलाही उपग्रहांचं फक्त ऐकायचं असतं, त्यामुळे विमान मोडमध्येही आजच्या फोनचं जीपीएस चालतं. पण त्या मोडमध्ये कोणाचा फोन येणार नाही, तेव्हा घरी सांगून आणि सोबत कोणी असतानाच तो लावा.

शेवटी एक नियम ठरवून टाका. फोनचे शेवटचे तीस टक्के नकाशाला, फोटोला, गाण्यांना द्यायचे नाहीत. ते फक्त बोलण्यासाठी आणि ११२ साठी. आणि खिशात एका कागदावर मोठ्या अक्षरांत वळणं लिहिलेली असू द्या: किती किलोमीटरला कोणता फाटा, कोणत्या बाजूला, कंट्रोल कुठे, आयोजकांचा नंबर काय. यंत्र पाच टक्क्यांवर आलंच तर राइड थांबवून तिथवरची नोंद जतन करा आणि तो कागद काढा. त्याला चार्जिंग लागत नाही.

या रविवारी चार तासांची राइड करा आणि आपला तासाचा टक्का वहीत लिहून ठेवा. पुढच्या लांब राइडचा हिशेब तिथूनच सुरू होईल.