दोन्हींकडे स्प्रिंग असलेली सायकल

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की आमच्या जयेंद्रगंजातील घराघरांतून एक विषय हमखास निघतो, आणि तो म्हणजे नव्या सायकलीचा. पूर्वी हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. काळी, उंच, मजबूत सायकल घ्यावी आणि ती थोरल्याने, मग धाकट्याने वापरावी, असा परिपाठ असे. आता दुकानाच्या दारात जाड टायरांच्या रंगीबेरंगी सायकली उभ्या असतात. त्यांतील काहींच्या पुढच्या चिमट्यात तर स्प्रिंग असतेच, शिवाय बैठकीखालीही एक लठ्ठ स्प्रिंग बसविलेली असते. मुलांचे मन नेमके त्या मागच्या स्प्रिंगवर जडते. घरातील वडील मंडळी मात्र किमतीची चिठ्ठी पाहतात. हा पैसा बहुधा अनेक महिने बाजूला टाकून जमविलेला असतो. म्हणूनच ही स्प्रिंग कशासाठी असते, ती कामाची केव्हा आणि शोभेची केव्हा, याचा विचार सर्वांनी मिळून करावा, असे आम्हांस वाटते.

या सायकलीचे मूळ डोंगरात आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, टॅमलपाइस नावाच्या डोंगराच्या परिसरात, काही तरुण जुन्या, जड, जाड टायरांच्या सायकली घेऊन कच्च्या वाटांनी खाली उतरू लागले. १९७६ साली तेथे उताराच्या शर्यती सुरू झाल्या. उतरताना मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की त्यातील ग्रीस जळून जाई आणि पुन्हा नवे भरावे लागे. पुढे खास डोंगरासाठी सायकली बनू लागल्या, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, आरंभीच्या त्या डोंगरी सायकलींना स्प्रिंग मुळीच नव्हती. पुढच्या चिमट्यातील स्प्रिंग १९९० च्या सुमारास रुळली आणि मागची त्यानंतर.

स्प्रिंगचे काम खड्ड्यादगडांचा धक्का गिळणे एवढेच आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो अपुरा आहे. दाबलेली स्प्रिंग धक्क्याची शक्ती साठवते आणि पुढच्याच क्षणी ती परत उसळून देते. ही उसळी आवरण्यासाठी तिच्या जोडीला तेल भरलेली नळी लागते. नळीतील दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल रेटीत सरकतो आणि उसळीचा जोर उष्णतेच्या रूपाने जिरवून टाकतो. स्कूटरच्या शॉक अॅब्सॉर्बरमधील तेल गळून गेले म्हणजे एका गतिरोधकावरून ती तीनदा उसळते, हा अनुभव पुष्कळांस असेल. ज्या सायकलीला स्प्रिंग आहे पण तेलाची नळी नाही, तिची स्थिती पहिल्या दिवसापासून अशीच असते. उतारावर तिचे चाक जमिनीला धरून राहत नाही, आणि जे चाक जमिनीवर नाही त्याला ब्रेक लावून उपयोग नसतो.

आता पैशाचा हिशेब पाहू. दहा ते वीस हजार रुपयांत मिळणाऱ्या दुहेरी स्प्रिंगच्या सायकलीत मागची स्प्रिंग, तिच्यासाठी दुभंगलेली फ्रेम आणि तिचे सांधे यांवर काही खर्च झालेलाच असतो. किंमत तर वाढवावयाची नसते. मग तो खर्च ब्रेक, चाके, गिअर आणि फ्रेमची धातू यांतून भरून काढला जातो. म्हणजे ज्या वस्तूंवर स्वाराची सुरक्षितता अवलंबून, त्याच हलक्या प्रतीच्या होतात, आणि सायकल जड होते ती वेगळीच.

याचा पडताळा आम्ही गेल्या हिवाळ्यात घेतला. शेजारच्या एका विद्यार्थ्याची अशी सायकल आणि तेवढ्याच किमतीची, केवळ पुढे स्प्रिंग असलेली दुसरी, अशा दोन सायकली घेऊन आम्ही किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याच्या चढावर गेलो. दुहेरी स्प्रिंगच्या सायकलीवर प्रत्येक पेडलासरशी बैठक खाली दबे. पायांतील जोर चाकाला मिळण्याऐवजी स्प्रिंग दाबण्यातच जाई. निम्म्या चढावर तो विद्यार्थी उतरला आणि सायकल ढकलू लागला. ‘‘काका, हिच्यासाठी मी दोन वर्षांची भाऊबीज साठवली होती,’’ असे तो म्हणाला. त्यावर आम्हांस काही बोलता आले नाही. हा लेख त्याच दिवशी मनात आला.

मग दुहेरी स्प्रिंगची सायकल घेऊच नये काय? तसे नाही. ज्याला सुट्ट्या खडकांच्या वाटांनी, सह्याद्रीतल्यासारख्या घसरत्या उतारांवरून वेगाने जावयाचे आहे, त्याला ती खरोखर उपयोगी पडते. मात्र अशा कामाच्या सायकलीची किंमत नवी घेतल्यास बहुधा लाखाच्या घरात जाते. तिच्या चाकाची वरखाली चाल साधारण १२० ते १४० मिलिमीटर असते आणि वजन चौदा ते सोळा किलोच्या आसपास. तिच्या मागे बहुधा लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेची नळी असते. आमच्या घरांच्या दृष्टीने या हवेचा एक मोठा गुण आहे. लोखंडी स्प्रिंग एकाच वजनाच्या स्वाराला मानवते. हवा मात्र पंचेचाळीस किलोच्या मुलासाठी कमी आणि पंचाहत्तर किलोच्या वडिलांसाठी अधिक भरता येते. त्यासाठी निराळा पंप लागतो, कारण नळीतील दाब टायरातील दाबाच्या कितीतरी पट असतो.

दुकानात गेल्यावर काही परीक्षा सहज करता येतात. बैठकीवर दोन्ही हातांनी भार देऊन एकदम सोडावा. सायकल शांतपणे वर यावी, थयथय नाचू नये. मग बैठक धरून किंचित उचलावी. सांध्यांत खटखट ऐकू आल्यास ती सायकल तेथेच ठेवावी. मागच्या नळीच्या दांड्यावर रबरी कडे असल्यास ते वर सरकवून स्वाराने सावकाश बसावे व उतरावे. नळीची एकूण चाल पन्नास मिलिमीटर असेल, तर कडे बारा ते पंधरा मिलिमीटर सरकलेले असावे. तसे नसेल तर हवा कमीअधिक करून घ्यावी. ब्रेक तेलाचे आहेत की तारेचे, हेही विचारावे. लांब उतारावर तेलाचे ब्रेक कमी श्रमात सायकल थांबवतात. जुनी सायकल घेताना जोडांजवळ तडा, चकचकीत दांड्यावर ओरखडा किंवा तेलाचा ओघळ दिसल्यास मोहात पडू नये.

शेवटी दुरुस्तीचा प्रश्न. चिमट्याच्या खालच्या नळ्या सुमारे पन्नास तासांच्या स्वारीनंतर उघडून साफ कराव्या लागतात, आणि ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यातील धूळ या बाबतीत दयामाया दाखवीत नाही. हे काम करणारा कारागीर आणि बदली रबरी कडी आपल्या शहरात मिळतील काय, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

ज्यांस शाळा, शिकवणी, महाराज बाडा आणि कधीमधी किल्ला एवढाच प्रवास करावयाचा आहे, त्यांस मागची स्प्रिंग अनावश्यक आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली, ती डांबरी रस्त्यावरील बिनस्प्रिंगच्या सायकलींवर. जसा रस्ता तशी सायकल, हेच त्यातील मर्म. तेव्हा त्याच पैशात पुढे चांगला चिमटा आणि भक्कम ब्रेक असलेली, मागे साधी फ्रेम असलेली सायकल घ्यावी आणि उरलेल्या रकमेतून हेल्मेट घ्यावे. ज्यास डोंगराची खरी ओढ लागेल, त्याने आणखी दोन वर्षे साठवावे. तोपर्यंत चढ चढून त्याचे पायही तयार झालेले असतील.